हिरव्या लेझरसाठी ऑपरेशन थिएटर (ओटी) तयार करताना

बीसीजीला (मूत्राशयात सोडायच्या नेहमीच्या औषधाला) दाद न देणाऱ्या, मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या कर्करोगासाठी आमच्याकडे लेझरचा उपचार सुरू व्हायचा होता. ओटीतली सिस्टर म्हणून लेझरच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आली.

कॅथेटरने औषध मूत्राशयात सोडून तासभर ठेवायचं, मग मूत्राशय धुऊन पाण्याने फुगवायचं आणि मधोमध फायबर (प्रकाश वाहून नेणारी बारीक तार) धरून हिरवा प्रकाश द्यायचा. पेशींनी शोषलेलं औषध त्या प्रकाशाने सक्रिय होतं आणि तिथल्याच ऑक्सिजनला पेशीच्या जिवावर उठवतं. तत्त्व जुनंच आहे. कॅनडात 1993 मध्ये फोटोफ्रिन या अशाच प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या औषधाला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली होती. पण ते शिरेतून द्यायचं, त्यामुळे पेशंटला महिनाभर तरी ऊन टाळावं लागायचं.

मुतखडे फोडायचा होल्मियम लेझर आमच्या रोजच्या वापरातला. त्याचे चष्मे आहेत, मग नवे कशाला, असा सूर निघाला. मी त्या चष्म्यांवरचे आकडे वाचून दाखवले. होल्मियमच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 2100 नॅनोमीटर, या नव्या हिरव्या लेझरची 525. होल्मियम डोळ्याच्या पुढच्या भागातच अडतो. हिरवा प्रकाश मात्र होल्मियमच्या चष्म्याच्या पारदर्शक काचेतून आरपार जाऊन थेट डोळ्याच्या पडद्यावर एकवटतो, आणि तिथे झालेली इजा भरून येत नाही. योग्य चष्मे आल्याशिवाय केस लावायची नाही, यावर मी अडून बसले. आमच्या सर्जन सरांनी ऐकलं.

नारिंगी काचांचे चष्मे आल्यावर रिकाम्या ओटीत तालीम घेतली. चष्मा लावताच भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, ईसीजी कुठे गेला?" मॉनिटरवरची हिरवी रेघ काचेने गिळून टाकली होती! लेझर अडवणारी काच त्याच रंगाचं बाकी सगळंही अडवणार, हे कागदावर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही रेघेचा रंग बदलून घेतला आणि चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचून पाहिला.

प्रत्यक्ष केसच्या दिवशी दाराची काच झाकली, बाहेर फलक लावला आणि त्याच्या शेजारीच जादा चष्मे ठेवले. भुलेखालच्या पेशंटचे डोळे मिटून झाकले. खरा धोका फायबर आत-बाहेर करताना किंवा ते तुटलं तर, म्हणून तोवर मशीन स्टँडबायवरच. पायडल फक्त सरांच्या पायाशी, आणि "लेझर ऑन" मोठ्याने म्हटल्याशिवाय कुणी काही दाबायचं नाही. शेवटी मशीनची किल्ली काढून कुलपात ठेवली.

जळजळ होईल, लघवीला सारखं जावं लागेल, हे पेशंटला आधीच सांगितलं होतं. तसंच झालं, पण ते घाबरले नाहीत. आता तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी आहे.