आल्गार्वला नोव्हेंबरमध्ये जाताय? आधी बॅगेत स्वेटर टाका

आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि माझी आई (वय 68, गुडघे कुरकुर करतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त), नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिण पोर्तुगालला जाऊन आलो. या किनारपट्टीला आल्गार्व म्हणतात. सगळीकडे वाचलं होतं की युरोपात थंडी सुरू झाली की उन्हासाठी लोक इथे येतात, त्यामुळे मी मोठ्या हौसेने तीन स्विमसूट नेले होते. त्यातला एकही ओला झाला नाही. ट्रिप मात्र फार छान झाली, म्हणून जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितेय.

आधी हवामान, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. नोव्हेंबरमध्ये दुपारी 19-20 डिग्री असतं, रात्री 11-12 पर्यंत उतरतं. ऐकायला छान वाटतं आणि उन्हात असतंही, दुपारी एकला नदीकाठी बसलो की जॅकेट काढावंसं वाटायचं, पण सावलीत सरकलं की लगेच परत घालायचं. समुद्राचं पाणी 18-19 डिग्री. नवरा शूरपणे गुडघ्यापर्यंत गेला आणि तितक्याच शूरपणे परत आला. शिवाय नोव्हेंबर-डिसेंबर हे तिथले सगळ्यात पावसाचे महिने. आपल्यासारखी संततधार नाही, एक दिवस झोडपून काढतो आणि मग दोन-तीन दिवस निळंशार आकाश. डुंबायलाच जायचं असेल तर सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. चालायला, बघायला, निवांत बसायला मात्र नोव्हेंबर झकास आहे, आणि गर्दी नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे तिथली घरं आतून थंड असतात. उन्हाळ्यासाठी बांधलेली, खाली फरशी, सेंट्रल हीटिंग बऱ्याच ठिकाणी नाहीच. आमच्या पहिल्या अपार्टमेंटच्या जाहिरातीत 'एसी' लिहिलेलं, मी धरून चालले की तो गरम हवाही देणार, तर तो नुसताच थंड करणारा निघाला. मालकीणबाईंनी एक छोटा हीटर आणून दिला, तो आईच्या खोलीत गेला आणि आम्ही दोघं मोजे घालून झोपलो. तेव्हा बुकिंगच्या आधी मेसेज करून सरळ विचारा की हीटिंग आहे का आणि विजेचं बिल वेगळं लावणार का. पूल असेल तर तो नोव्हेंबरमध्ये चालू असतो का हेही विचारा, फोटोत निळा दिसतो म्हणजे चालू असतो असं नाही (हेही अनुभवाने सांगतेय).

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो. मोठ्यांची फी 90 युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी 15 दिवस आधी अर्ज करता येतो, पण 15 दिवसांच्या भरवशावर राहू नका, आम्ही ऑगस्टअखेर केला होता. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचं कव्हर असलेला हवा. आणि हो, युरोपात आता ईईएस नावाची नवीन पद्धत आलीये, पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे उतरल्यावर रांगेत किती वेळ जाईल याचा नेम नाही. लिस्बनला उतरून लगेच पुढची ट्रेन पकडायचा प्लॅन करू नका. आम्ही एक रात्र लिस्बनला काढली आणि ते बरंच झालं.

लिस्बनहून फारोपर्यंत (आल्गार्वचं मुख्य शहर) ट्रेनने साधारण तीन तास लागतात, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. 65 च्या वर वय असेल तर तिथल्या रेल्वेत निम्मं तिकीट, परदेशी माणसालाही, फक्त पासपोर्ट दाखवायचा. आई त्यावर इतकी खूश की पुढच्या प्रत्येक तिकीटखिडकीवर आमच्या आधी तीच पुढे. फारोहून एक छोटी लोकल लाईन किनाऱ्याला धरून पूर्वेला विला रेआल द सांतु आंतोनियुपर्यंत आणि पश्चिमेला लागुशपर्यंत जाते. गाडी हळू चालते पण खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसतात. एक सावधगिरी, काही स्टेशनं नावाच्या गावात नसतातच. अल्बुफेरा स्टेशन गावापासून सहाएक किलोमीटर लांब आहे, बॅगा ओढत जाऊ म्हणाल तर विसरा. निघायच्या आदल्या दिवशी 'ग्रेव' म्हणजे संप आहे का तेही बघून घ्या, हा शब्द पाठच करून ठेवा.

आम्ही मुक्काम दोनच ठिकाणी ठेवले, चार रात्री पूर्वेला ताविराला आणि चार पश्चिमेला लागुशला. रोज बॅग भरणं आईला झेपलं नसतं, आणि खरं तर आम्हालाही नाही.

तावीरा माझं सगळ्यात आवडतं. नदीकाठचं छोटं गाव, चुन्याची पांढरी घरं आणि उतरत्या कौलांची छपरं, मधे एक जुना पूल ज्याला सगळे रोमन पूल म्हणतात पण तो रोमन नाहीये. गावाबाहेर मिठागरं आहेत, तिथून फेरीच्या धक्क्याकडे चालत गेलो तर डाव्या-उजव्या हाताला फ्लेमिंगो उभे! तिकीट नाही, गाईड नाही, नुसते चिखलात चोच घालून उभे. हा सगळा रिया फोर्मोझा नावाचा खाडीचा पट्टा, साधारण 60 किलोमीटर लांब, 1987 पासून संरक्षित, वाळूची बेटं बाहेर आणि आत उथळ पाणी. हिवाळ्यात इथे पक्षी भरपूर असतात, दुर्बीण असेल तर न्याच. तिथून तीनेक किलोमीटरवर सांता लुझिया नावाचं कोळीवाड्यासारखं गाव आहे, ऑक्टोपससाठी प्रसिद्ध, आणि त्याच्या जवळूनच बारिल बीचला जाता येतं. बीचवर वाळूत गंजलेल्या नांगरांच्या रांगाच्या रांगा पुरल्या आहेत. पूर्वी इथे ट्यूना पकडायची मोठमोठी जाळी लावायचे, त्यांचे हे नांगर, मासाच यायचा बंद झाला आणि नांगर राहिले. संध्याकाळच्या उन्हात आम्ही तिथे तासभर नुसते बसलो, आजूबाजूला मिळून दहा माणसं नसतील.

संध्याकाळ फार लवकर होते हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो. आम्ही पहिले दोन दिवस अकराला बाहेर पडून निम्मा उजेड वाया घालवला, नंतर नऊला निघायला लागलो.

लागुशला गेलात तर पोंता दा पिएदाद चुकवू नका, पिवळ्या-तांबड्या कड्यांच्या कमानी आणि खाली हिरवं पाणी. वर लाकडी वाटा बांधल्यात, त्यामुळे आईलाही बरंच फिरता आलं. खाली गुहांमधून छोट्या बोटी फिरवतात, आणि इथेच माझा मुख्य सल्ला आहे. अटलांटिक नोव्हेंबरमध्ये खवळलेला असतो, वर ऊन असलं तरी लाटा मोठ्या असतात, त्यामुळे बोट कधीही रद्द होते. आमची पहिल्या दिवशीची रद्द झाली, दुसऱ्या दिवशीचीही, तिसऱ्या दिवशी सकाळी अखेर गेली. पैसे परत मिळाले म्हणून ठीक, पण बोट शेवटच्या दिवसावर ठेवली असती तर हात हलवत परत आलो असतो. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी बुक करा आणि पुढचे दिवस मोकळे ठेवा. हवामानाचे इशारे आयपीएमए या तिथल्या सरकारी वेधशाळेच्या साईटवर पिवळे, केशरी, लाल असे दिसतात, आम्ही रोज चहाबरोबर तेच बघायचो.

बेनागिलची फोटोतली ती प्रसिद्ध गुहा, छताला भोक पडलेली, तिथे आता आत उतरता येत नाही, पोहत जायलाही बंदी आहे, बोटीतून किंवा गाईडबरोबर कयाकमधूनच बघायची. जुने व्हिडिओ बघून वाळूत बसायची स्वप्नं घेऊन जाऊ नका. त्याऐवजी वरून सात दऱ्यांची पायवाट आहे, मारिन्या बीचपासून सुरू होते, एका बाजूने साधारण सहा किलोमीटर. आई गाडीजवळच्या बाकावर थांबली, आम्ही निम्मी करून परतलो. पावसानंतर लाल चिखल होतो, बूट चांगले हवेत. आणि कड्याच्या अगदी टोकाशी किंवा खाली कड्याला टेकून बसू नका, दगड ठिसूळ आहे, 2009 मध्ये एका बीचवर कडा कोसळून पाच माणसं गेली होती. भरती-ओहोटीची वेळही बघा, काही बीचवर ओहोटीला चालत शिरता येतं आणि भरतीला परतायची वाट बंद होते.

या भागासाठी दोन दिवस गाडी भाड्याने घेतली होती. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट न्या, ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगा. आल्गार्वच्या ए22 हायवेवरचा टोल 1 जानेवारी 2025 पासून बंद झालाय, त्यामुळे जुन्या ब्लॉगमधली टोलच्या डिव्हाईसची भानगड तिथे आता लागत नाही, लिस्बनकडे गाडी नेणार असाल तर मात्र त्या रस्त्याला टोल आहे. साग्रेसला आणि साओ विसेंतच्या टोकाला गाडीनेच गेलो. युरोपचं नैऋत्येचं टोक, वारा असा की आईचा स्कार्फ उडून थेट कुंपणाला जाऊन अडकला. तिथे कानटोपी न्या, मस्करी नाही.

खाण्याचं. जेवायला बसलं की न मागता ब्रेड, ऑलिव्ह, चीज टेबलवर येतं, ते फुकट नसतं, खाल्लं की बिलात लागतं, नको असेल तर लगेच 'नको' म्हणून सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारींची थोडी पंचाईत होते, काल्दु वेर्द नावाच्या पालेभाजीच्या सूपमध्येसुद्धा सॉसेजचा तुकडा टाकतात, विचारून घ्या. सार्डिन्सचा सीझन उन्हाळ्यातला, नोव्हेंबरमध्ये त्याच्या मागे लागू नका. 11 नोव्हेंबरला साओ मार्तिन्युचा सण असतो, रस्त्यावर चेस्टनट भाजतात, धुराचा वास सगळ्या गल्लीत. या दिवसांत ऊन परत येतं अशी तिथल्या लोकांची समजूत आहे, त्याला साओ मार्तिन्युचा उन्हाळाच म्हणतात, आणि खरंच त्या दिवशी कडक ऊन पडलं. आईला तर भाषेचीच गंमत वाटत होती, बटाट्याला बताता, चावीला शाव, साबणाला साबांव. 'अगं हे तर आपलंच बोलतायत की!' म्हणून तिने मार्केटमधल्या बाईशी मराठीतच घासाघीस केली. भाव कमी झाला नाही, पण दोन संत्री जास्त मिळाली.

बीचवरची बरीच हॉटेलं नोव्हेंबरमध्ये बंद असतात, थेट मार्चला उघडतात, त्यामुळे बीचला जाताना काहीतरी खायला बरोबर ठेवा. फुटपाथ छोट्या गुळगुळीत दगडांचे असतात, पावसात साबण लावल्यासारखे होतात, ज्येष्ठ बरोबर असतील तर रबरी तळव्याचे बूट आणि घाई अजिबात नाही. आम्ही 'आई, सावकाश' हे इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तीच आम्हाला म्हणायला लागली. आणि घसरला कोण, तर नवरा.

खरेदीत ताविराचं मीठ घ्या, फ्लोर द साल म्हणतात, मिठागरावरची वरची साय. पण ते चेक-इन बॅगेत टाका. आम्ही हँडबॅगेत ठेवलं होतं, सिक्युरिटीच्या माणसाने पांढऱ्या पावडरीचं पुडकं वर धरून माझ्याकडे बघितलं. मी इंग्लिश शोधत होते, तोवर आईने हवेतच अंडं सोलून त्यावर चिमूटभर टाकून दाखवलं. त्याने हसून पुडकं परत दिलं.