गालातली पांढरी जाळी आणि अडकलेला रिपोर्ट

आजारापेक्षा त्याच्या कागदानं जास्त जीव खाल्ला, म्हणून हे लिहितेय. सांगली-मिरजेकडं कुणाच्या गालात पांढरं दिसत असेल, जेवताना तोंडाची आग होत असेल, त्यांना उपयोग होईल.

माझी सुरुवात जळजळीनंच झाली. भडंग तर बंदच झालं, पुढं टूथपेस्टही झोंबायला लागली. घरात एकच निदान: उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, बी-कॉम्प्लेक्स झालं. शेवटी आमच्या दाताच्या डॉक्टरांनी गाल आरशानं बाजूला करून पाहिला आणि म्हणाले, "हे दाताचं नाही, डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनला दाखवा." जीभ, गाल, लाळ, जबड्याचा सांधा, तोंडाची जळजळ हे सगळं बघणारा वेगळा विभाग असतो, हे मला पन्नाशीत कळलं. चिठ्ठी नसली तरी चालतं. नवीन केसपेपर काढला की पहिली तपासणी बहुधा तिथंच होते.

तिथं पहिला प्रश्न, "काकू, मिसरी लावता?" नाही. "सुपारी? तंबाखू?" नाही. मग पीजी करणाऱ्या मुलीनं विचारलं, मग मॅडमनी. आपल्याकडच्या बायकांच्या मिसरीचा इतिहास बघता त्यांचंही चूक नाही, पण तिसऱ्यांदा 'नाही' म्हणताना मलाच चोरट्यासारखं वाटायला लागलं. मॅडमनी दोन्ही गाल ताणून पाहिले. रांगोळीच्या बारीक रेघा एकमेकींत गुंतल्यासारखी पांढरी जाळी, मधे लालसर कातडी. गॉजनं पुसली, निघाली नाही. पुसून निघणारं पांढरं बहुतेक वेळा बुरशीचं असतं, म्हणून ते पुसून बघतात. "लायकेन प्लॅनस वाटतंय, पण तुकडा काढून खात्री करू," म्हणाल्या. म्हणजे तोंडाच्या आतल्या कातडीवर अशी जाळी उठवणारा, बराच काळ राहणारा आजार. रक्ताच्या तपासण्या आणि बीपीच्या डॉक्टरांचं पत्र यात फार वेळ गेला नाही. बायोप्सीला आपण उगाच घाबरतो. बधिर करायची सुई टोचते तेवढीच. चार मिलिमीटरचा तुकडा, एक टाका, झालं. तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला, बाटली खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजीला गेली.

आणि तिथंच सगळं थांबलं.

तुकडा मुरवून, मेणात बसवून, पातळ काप काढून रंगवायला काही दिवस लागतात हे मला मान्य आहे. सांगितलेल्या तारखेला गेले तर खिडकीवर उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." पुढच्या खेपेला "सरांची सही व्हायचीय." त्यानंतर सर परीक्षेला बाहेरगावी. एकदा तर खिडकीवरचा माणूस रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाला, "टिश्यू कमी पडला असंल मावशी, परत काढायला लागंल." परत काढायला लागंल! कुणाला विचारून सांगितलं हे? मी रात्रभर जागी. तोंडात पांढरं म्हटलं की माणसाच्या मनात काय येतं हे त्या खिडकीला कळत नसेल का? वर ओरल मेडिसिनला विचारलं तर ते म्हणायचे, रिपोर्ट खालून आला नाही. खाली म्हणायचे, वरून काही कळलं नाही. एकाच इमारतीतला एक जिना, आणि निरोप मात्र मीच पोचवायचा.

शेवटी मी खिडकी सोडून सरळ त्या पीजी मुलीला जाऊन धरलं. तिला खाली घेऊन गेले. तिनं माझा फॉर्म काढायला लावला आणि मला तो दिसला: 'सध्याची औषधे' हा रकाना कोरा, 'जागा' इथं नुसतं 'गाल'. उजवा, डावा, दोन्ही, काहीच नाही. आतल्या डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलनं कडेला प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं. त्यांची शंका अगदी रास्त होती. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती तुकड्याची काच बघून लायकेन प्लॅनस आणि औषधामुळं उठणारी तशीच जाळी सहसा वेगळी ओळखता येत नाही. बीपीच्या काही गोळ्या, दुखण्यावरच्या काही गोळ्या, इतकंच काय, जुनं चांदीचं फिलिंगही गालाला घासत असेल तर तेवढ्याच जागी असं करू शकतं. म्हणून दोन्हीकडं आहे का, औषधं कुठली, हे त्यांना हवंच असतं. पण ते प्रश्नचिन्ह जिना चढून वर गेलंच नव्हतं! मुलीनं उभ्याउभ्या रकाने भरले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात. लायकेन प्लॅनस, कॅन्सरचं लक्षण नाही. तिथल्याच बाकावर बसून मी तीनदा वाचला.

तेव्हा तुम्ही काय करा, तर तुकडा द्यायच्या आधी फॉर्म स्वतः बघा. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं आठवत बसू नका. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. आणि हो, बायोप्सीआधी कुणी दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर तेही सांगा, त्यानं चित्र बदलतं.

औषध म्हणून मला तोंडात लावायची स्टेरॉइडची पेस्ट दिली. जेवणानंतर गाल गॉजनं कोरडा करून लावायची, पुढं अर्धा तास पाणीसुद्धा नाही. ओल्या गालावर ती टिकत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पुढच्या तपासणीत कळलं. पेस्टमुळं बुरशी धरू शकते, मला धरली, त्यावर वेगळे थेंब मिळाले. कमी फेस होणारी साधी टूथपेस्ट घेतली, टोकदार दाढ घासून घेतली. आग बरीच कमी आहे. जाळी आहे तशीच, ती पूर्ण जाईलच असं नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय.

थोड्या लोकांत पुढं यातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मधल्या काळात दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर तारखेची वाट बघायची नाही. मी रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय आणि झेरॉक्स घरी. मूळ कागद त्या खिडकीत परत कधी देणार नाही.