फ्रिजचं कव्हर

२०२५च्या जूनमध्ये इचलकरंजीहून बाप-लेक दुकानात आले. पोराच्या मोबाइलवर कॉम्प्युटरच्या पार्टांची यादी तयार होती. कोल्हापुरात असेंब्लीचं काम करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, 'चांगला कॉम्प्युटर केवढ्याला बसेल?' आता यादी घेऊनच येतं आणि भाव तेवढा विचारतं.

ह्या यादीत चोवीस कोअरचा प्रोसेसर होता, आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड होतं, पासष्ट हजारांचा मदरबोर्ड, रॅमच्या चार पट्ट्या, सात पंखे. आणि सगळ्यात शेवटी, ताटात लोणचं वाढावं तसा, ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. त्यातलं कार्ड एकटंच ५७५ वॅट खातं.

"मॉनिटर कुठला?" मी विचारलं.

"घरात टीव्ही आहे की. पंचावन्न इंची."

बाप आतापर्यंत गप्प होता. यंत्रमागाचा कारखाना, चोवीस माग, मनगटाला सुताचे कण चिकटलेले. तो म्हणाला, "साहेब, तीन लाखांच्या वर एक रुपया जाणार नाही. ह्या पैशात जुने माग किती येतात ते मला ठाऊक आहे."

मी पोराला विचारलं, "खेळतोस काय?" रोज वॅलोरंट, मित्रांबरोबर. आणि सायबरपंक २०७७ एकदा 'सगळं फुल्ल ठेवून' खेळायचं होतं. झालं, माझं काम सोपं झालं. त्याचा टीव्ही सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. वॅलोरंटमध्ये कार्ड सेकंदाला चारशे चित्रं काढून देईल, त्यातली साठ दिसणार आणि बाकीची वाया. त्याला म्हटलं, आधी मॉनिटर घे, मग बाकीचं त्याच्या मागनं येईल. सत्तावीस इंची, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, २४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० चित्रं. फोर-केवर अडून बसला होता, म्हणून त्याला कॅल्क्युलेटरवर गुणाकार करायला लावला. फोर-के म्हणजे जवळपास त्र्याऐंशी लाख ठिपके, हा सदतीस लाखांचा. सव्वादोन पट ठिपके भरायचे तर कार्डही त्या तोडीचं पाहिजे, आणि तेवढा पैसा मालकांच्या खिशात नाही. "खिशात आहे," बाप म्हणाला, "द्यायचा नाही."

मग प्रोसेसर. चोवीस कोअर बघून पोरं भुलतात, पण खेळाला एवढे कोअर लागत नाहीत, प्रोसेसरच्या पोटात माहिती हाताशी ठेवायची जागा लागते. रायझन ७ ९८००एक्स३डीला कोअर आठच, पण एल-थ्री कॅशे, म्हणजे हीच जागा, ९६ एमबी. वॅलोरंटसारख्या खेळात त्याचा फरक डोळ्यांना दिसतो. कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय, १६ जीबी, ३०० वॅट. बोर्डात चाळीस हजार वाचवले, कारण महागड्या बोर्डावरची निम्मी भोकं आयुष्यभर रिकामीच राहतात. रॅम सोळा जीबीच्या दोनच पट्ट्या, ६००० वेगाच्या. ह्या प्लॅटफॉर्मवर चार पट्ट्या घातल्या की वेग खाली आणावा लागतो, हे पोराला पटवायला मात्र चहा मागवावा लागला. (तेव्हा तो संच दहा हजारांच्या आसपास मिळाला. वर्ष संपता संपता डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी अशी काही उचलली की त्याच संचाचा भाव सांगितला की गिऱ्हाईक फोन ठेवायचं.) एसएमपीएस ८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा. तिथं मी कधीच तडजोड करत नाही.

माल आला, जोडला. पहिल्यांदा चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं पडदा काळाच राहिला. डीडीआर-५ ची मेमरी पहिल्या वेळेला स्वतःची घडी बसवत असते. समोर बसलेल्या पोराचं तोंड उतरलं. दोन दिवस ताण देऊन तपासलं. मग कार्ड काढून वेगळ्या खोक्यात घातलं, कारण दीड किलोचं कार्ड बोर्डाला लटकत इचलकरंजीच्या रस्त्यानं न्यायची माझी छाती नाही. त्याच्या घरी जाऊन परत बसवलं. पॉवरचा सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेला की हलकासा 'टक' येतो. तो ऐकल्याशिवाय मी कॅबिनेटची काच लावत नाही.

चौथ्या दिवशी फोन. "दादा, खेळताना बंद पडतंय. आपोआप परत सुरू होतंय."

विंडोजच्या नोंदीत 'कर्नल-पॉवर ४१'. ह्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता अचानक परत सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. मशीन दुकानात आणलं. रात्रभर ताण दिला, हूं की चूं नाही. परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी परत फोन. आता माझाच माझ्यावरचा विश्वास डळमळला. 'कधीच तडजोड करत नाही' म्हणून जो एसएमपीएस दिला तोच खराब निघाला काय? दुकानातला १००० वॅटचा काढून नेऊन लावला. तरी तेच.

तिसऱ्या फेरीत पोरानं सहज सांगितलं, "दादा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण येतंय." टेस्टर लावला तर दिवा पेटला. सॉकेट तीन पिनांचं, पण अर्थिंगच्या पिनेला मागं वायरच नव्हती. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की निम्मा दाब कॅबिनेटवर येऊन बसतो. करंट नावापुरता, पण झिणझिण्या येतातच. मला वाटलं, सापडलं. वायरमन बोलावला, अर्थिंग ओढून घेतलं, झिणझिण गेली. मी पेढे खाऊनच परतलो. त्याच संध्याकाळी फोन: "दादा, परत."

खरं सांगतो, त्या रात्री पैसे परत देऊन टाकायचा विचार केला होता.

पण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. दिवसा क्वचितच बंद पडायचं, बहुतेक वेळा संध्याकाळी. म्हणून पुढच्या खेपेला मी मुद्दाम साडेसहाला पोचलो आणि पोराला म्हटलं, तू खेळ, मी नुसता बसतो. घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली चोवीस माग चालू असले की फरशी तळव्यांना जाणवते, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलताना पुढं वाकावं लागतं. त्या घरातल्या माणसांना तो ऐकूही येत नाही. मलाही दोन-तीन फेऱ्यांत सवय झाली होती.

सात वाजले. पाळी बदलायची वेळ. खालचे माग एकेक करून थांबले, मागच्या गल्लीतले थांबले, आणि एकदम शांत झालं. पोरगा वॅलोरंटमध्ये कोपऱ्यात दबा धरून बसलेला. मागच्या गल्लीतली शेड आधी सुरू झाली. ट्यूब किंचित मंदावली. आणि कपाटामागून आवाज आला, टक. लगेच दुसरा, टक. पडदा काळा.

"आई शप्पथ," पोरगा म्हणाला. माझं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. मी गुडघ्यावर बसून एक्स्टेन्शनची वायर हातानं चाचपत निघालो होतो. चार फेऱ्या मारल्या आणि एकदाही मी ती वायर शेवटपर्यंत बघितली नव्हती. ती कपाटामागं गेली, तिथून खाली, आणि एका डब्यापाशी संपली. डब्यावर फुलाफुलांचं, झालर लावलेलं कापडी कव्हर. फ्रिजवर घालतात तसलं. कव्हराखाली जुना स्टॅबिलायझर.

तेवढ्यात बाप वर आला. "तो मी लावलाय. तीन लाखांची वस्तू, थेट भिंतीत कशी खुपसायची? आमच्याकडं व्होल्टेज नुसतं नाचतंय."

चूक काहीच नव्हती त्याची. ट्रान्सफॉर्मर एक, त्यावर चार-पाच शेड. पन्नास-साठ मोटरी लागोपाठ उठायला लागल्या की व्होल्टेज खाली बसणारच. मीटर लावला तेव्हा २३० वरून १८५ पर्यंत उतरताना मी बघितलं. पण आजचा चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तसं त्याच्या अंगावर छापलेलं असतं. १८५ त्याला काहीच नाही. अडचण त्या 'टक'मध्ये होती. व्होल्टेज उतरलं की स्टॅबिलायझरच्या आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारी कळ, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचं एक टोक (टॅप) सोडून दुसरं धरतो, आणि सोडण्या-धरण्याच्या मधल्या क्षणात वीज तुटलेली असते. एवढा वेळ एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तग धरतो. पण किती? जड लोडवर पंधरा-सतरा मिलिसेकंद धरला तरी तो चांगला म्हणायचा. नुसतं यूट्यूब चालू असेल तर ओढ कमी, तेवढ्याच साठ्यावर कितीतरी जास्त वेळ निघतो. खेळ चालू असला की सगळं मिळून साडेचारशे वॅट, आणि साठा बघता बघता रिता. म्हणून खेळतानाच पडायचं, म्हणून संध्याकाळी पडायचं. आणि माझ्या दुकानात मात्र कधीच नाही.

डबा उघडून बघितला. रिलेचे कॉन्टॅक्ट जळून काळे झालेले, म्हणजे पकड लागायला आणखी वेळ. रोज तो टकटकत असणार, पण मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू यायचं?

प्लग काढून थेट भिंतीत लावला. पोरानं खेळ सुरू केला आणि मी मालकांना म्हटलं, खाली जाऊन सगळे माग एकदम सुरू करा. ते जिन्यातूनच जॉबरवर, म्हणजे मागांच्या मिस्त्रीवर, ओरडले. ट्यूब मंदावली, फरशी थरथरली, मशीन चालूच. तिघेही पडद्याकडं बघत उभे. पोरगा हरला, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

वीज जाते त्या वेळेसाठी मग शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस दिला. आता माझ्या बिलबुकात पहिल्या पानावर एक ओळ आहे: 'प्लग कुठं लागणार?' गिऱ्हाइकाला विचित्र वाटतं, वाटू दे.

निघताना मालक स्टॅबिलायझर काखेत मारून स्वयंपाकघराकडं निघाले होते. कव्हर पोराच्या खांद्यावर.

"साहेब, हा परत फ्रिजला लावला तर चालेल नव्हं?"

"लावा की," मी म्हटलं, "पण रिले तेवढे बदलून घ्या."

"ते बघू," म्हणाले, आणि आत गेले.