जुन्या एमटीबीचा पैसा मागच्या चाकात घाला

नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत जिन्याखाली एक तरी २६ इंची गिअरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, धूळ खात उभी असते. टायरला भेगा, चेनवर तांबूस गंज, आणि पुढचा सस्पेन्शनचा चिमटा दाबला की खाली बसतो, वर यायचं नाव घेत नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या टीममधून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. सायकलिंगमध्ये नाशिकचं नाव झालं ते असं, डांबरावरच्या लांब पल्ल्यामुळे. पण गंगापूर धरणाच्या कडेचे कच्चे रस्ते, अंजनेरीचा पायथा, रामशेजकडची पाणंद, द्राक्षबागांच्या बांधालगतच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या यांना ती जिन्याखालची सायकल अजून पुरून उरते. फक्त पैसा कुठे घालायचा ते कळायला हवं.

बहुतेकांचा पहिला खर्च पुढच्या चिमट्यावर होतो, कारण तो डोळ्यांत भरतो. तिथेच चुकतं. जुनी फ्रेम ६० ते ८० मिलिमीटर ट्रॅव्हलसाठी, म्हणजे चिमटा तेवढाच दबेल अशा हिशेबाने बनलेली असते. त्यात १०० किंवा १२० चा चिमटा घातला की पुढचा भाग उचलला जातो. साधारण २० मिलिमीटर उंची वाढली की हेडचा, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन एक अंशाने लोळतो. मग चढावर पुढचं चाक भरकटतं आणि हँडल हातात थरथरतं. शिवाय जुन्या सायकलींत आटे असलेला हेडसेट (चिमटा ज्यात फिरतो ते बेअरिंग) आणि आत सरकणारा क्विल स्टेम (हँडल धरणारा दांडा) असतो, म्हणजे नव्या चिमट्याबरोबर हेडसेट आणि स्टेमही बदलणं आलं. सस्पेन्शन मेलंच असेल तर जुन्याच मापाचा साधा, बिनस्प्रिंगचा लोखंडी चिमटा लावा. किलोभर वजन कमी होतं, किंमतही कमी.

खरा कमकुवत दुवा असतो मागे. सगळ्यात छोट्या गिअरचक्राच्या मध्यभागी, एक्सलभोवती, जिथे हत्यार बसतं त्या दातेरी खाचांकडे बघा आणि चक्रं हाताने उलटी फिरवा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट आहे. त्या जागच्या जागी राहिल्या आणि चक्रं तेवढी टिकटिक करत फिरली तर फ्रीव्हील. जुन्या सायकलींत बहुधा फ्रीव्हीलच निघतं, तेही सात गिअरचं. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आत, फ्रीव्हीलच्या मागे दडलेले असतात. तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंतचा चारेक सेंटिमीटर एक्सल निराधार राहतो. ७५ किलोचा माणूस दगडावरून उतरला की सगळा धक्का त्या उघड्या तुकड्यावर येतो. आधी एक्सल वाकतो, मग चाक डगमगतं, शेवटी तो तुटतो. कॅसेट हबमध्ये उजवीकडचे छर्रे पार टोकाला, फ्रेमच्या जवळ बसतात. म्हणून एक्सल टिकतो. पैसा घालायचा तो या हबमध्ये.

हब घेण्यापूर्वी चाक काढून फ्रेमच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. १३५ मिलिमीटर भरलं तर निश्चिंत. १३० भरलं आणि फ्रेम लोखंडी असेल तर दोन्हीकडून अडीच-अडीच मिलिमीटर ताणून चाक बसतं. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं ताणू नका, तिला चीर जाते. जुना रीम ठेवायचा असेल तर त्याची भोकं मोजा, बऱ्याचदा ३६ असतात, आणि हबही तितक्याच भोकांचा घ्या. स्पोक मात्र नवेच लागतील, कारण हबच्या कडेचा घेर वेगळा असतो. रीमच्या बाजूवर पट्टी आडवी धरा. मध्ये खोलगट दिसलं तर ब्रेकने तो रीम खाल्लाय, बदला. नवा रीम घेताना व्ही-ब्रेक (रीमला दोन्हीकडून दाबणारा) लागेल अशी सपाट बाजू असलेलाच मागा. डिस्कवाल्या रीमला ती नसते, आणि जुन्या फ्रेमवर डिस्कचा कॅलिपर बसवायला जागाच नसते. वेल्डिंग करून ती जागा तयार करून देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे चला.

फ्रीव्हील काढणं हे ताकदीचं काम, कारण पायडलचा प्रत्येक फेरा ते आणखी घट्ट करत आलेला असतो. नट काढा, खाचांना जुळणारं हत्यार आत बसवा, ते बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडा आणि वरून चाक दोन्ही हातांनी घड्याळाच्या उलट फिरवा. पान्ह्याने प्रयत्न केलात तर हत्यार निसटून खाचाच झिजतात, आणि मग फ्रीव्हील कापून काढण्यापलीकडे इलाज उरत नाही. एक धोका आधीच सांगितलेला बरा: जुना हब परत वापरायचा असेल तर चाक विणण्याआधी, स्पोक शाबूत असतानाच फ्रीव्हील काढून पाहा. एकदा स्पोक कापले की धरायला काहीच राहत नाही.

आता गिअर. नव्या हबवर आठ, नऊ किंवा दहाची कॅसेट बसते. पण जुना सातचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) चांगला चालत असेल तर सातचीच कॅसेट घ्या आणि मोठ्या चक्राच्या मागे ४.५ मिलिमीटरचा स्पेसर टाका. चेन, तिला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर, शिफ्टर सगळं तसंच चालतं. सातच्या शिफ्टरवर आठची कॅसेट लावायचा मोह टाळा. सातमध्ये चक्रांचं अंतर ५ मिलिमीटर आणि आठमध्ये ४.८. एका टोकाला गिअर नीट बसवले की दुसऱ्या टोकाला ते कुरकुरतात.

पुढची तीन चक्रं काढून एकच लावायची फॅशन आहे. हिशेब करून बघा. पुढे २४ आणि मागे २८ दात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे ०.८६ फेरे. पुढे एकच ३० चं चक्र आणि मागे ३४, म्हणजे ०.८८. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर दोन्हीत वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अंजनेरीच्या चढावर काडीचाही फरक नाही. पुढची चक्रं झिजली असतील तर एकच लावा, नाहीतर पैसे टायरला ठेवा.

टायर म्हटलं की बाभूळ आलीच. बांधावरच्या फांद्या छाटून वाटेत टाकलेल्या असतात आणि सुकलेला काटा टायरमधून सरळ ट्यूबमध्ये जातो. टायरच्या बाजूवर ५५९ हा आकडा असलेला २६ × २.१ चा गाठीदार टायर बघा, पण आधी फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्हीकडे सहा-सात मिलिमीटर मोकळी जागा आहे ना ते पाहा. पावसाळ्यात काळी माती त्या फटीत थापली जाते आणि चाक जाम होतं. जुन्या रीमवर ट्यूबलेसचा खटाटोप नको, टायर कडेला नीट बसत नाही. मोटारसायकलसारखा, आतला गाभा काढता येणारा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्या आणि त्यात भोक बुजवणारं सीलंट भरा. टायरच्या आतून काटेरोधक पट्टी घातलीत तर तिची टोकं सेलोटेपने गुंडाळा, नाहीतर ती कडच ट्यूबला घासून भोक पाडते. पंक्चर काढताना बोटाने काटा शोधत बसू नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे मोडलेलं टोक असतं. बाहेरून ते दिसत नाही, आणि तसंच राहिलं तर पुढच्या दोन किलोमीटरात पुन्हा सायकल उलटी करावी लागते. ७० किलोच्या माणसाला कच्च्या वाटेवर पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय पुरे. दगडावर रीम आपटत असेल तर पाचने वाढवा.

ब्रेकवर फार खर्च नाही, काम मात्र आहे. मुरमाची ओली पूड रबरात रुतते आणि रीम खरवडते, म्हणून पावसात भिजून आलात की रबरातले खडे टोकदार सुईने काढा. नवे पॅड बसवताना पुढचं टोक आधी रीमला लागेल आणि मागे एक मिलिमीटर फट राहील असं ठेवा, म्हणजे किंचाळणार नाहीत. केबल बदलताना एक चूक हमखास होते: गिअरला ब्रेकचं आवरण लावलं जातं. ब्रेकच्या आवरणात तार गुंडाळलेली असते, ती दाबली की आखडते, आणि मग गिअर कधीच जागेवर राहत नाहीत. गिअरचं आवरण वेगळंच मागा. त्यात तारा उभ्या असतात. चेन बारा इंचाच्या पट्टीने ताणून मोजा. बारा जोड्यांचं (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोडी) माप १२ इंच आणि वर सोळांश इंच भरलं तर बदलायची वेळ झाली, अष्टमांश भरलं तर चक्रांचे दातही गेलेच म्हणून समजा.

हब जुनाच ठेवायचा असेल तर निदान तो उघडा. मागे दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे, पुढे ३/१६ इंची दहा-दहा. छर्रे नेहमी नवेच घाला, ते स्वस्त आहेत. कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या एक्सलवरच्या निमुळत्या तुकड्यावर, नखाला लागेल असा खड्डा असेल तर कोनही बदला. बॉटम ब्रॅकेट (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात तो भाग) काढताना लक्षात ठेवा: चेनच्या बाजूचा आटा उलटा असतो आणि डाव्या पायडलचाही. उलटे आटे जोर लावून सुलटे करणारे कारागीर नाशकात काही कमी नाहीत, तेव्हा समोर उभं राहून काढून घ्या.

नवं विणलेलं चाक पहिल्या फेरीत आवाज करतं, स्पोक जागेवर बसत असतात. ४०-५० किलोमीटरनंतर चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्या, कॅसेट धरून ठेवणारं लॉकरिंग तपासा, आणि क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्यांचे दोन्ही बोल्ट आवळा. क्रँक सैल असताना त्र्यंबक रस्त्याला एक फेरी झाली तरी त्याचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग तो कितीही आवळला तरी धरत नाही.