तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या साइट्स वर आणि आपण खाली का

ट्रेकला भेटणारी मंडळी, माझा भाचा, त्याचे मित्र, सगळे एकच विचारतात. ताई, सर्चवाले पैसेवाल्या साइट्सना मुद्दाम वर ठेवतात का, आणि आम्ही आत्ता एखादी छोटी साइट काढली तर काही उपयोग आहे का? मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि समोरच्याला वाटतं ही चिडलीय म्हणून असं बोलतेय. चिडलेय मी, ते खोटं नाही. पण तेवढंच नाहीये, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

जाहिरातीचे पैसे भरले की खालच्या साध्या रिझल्टमध्ये नंबर वर येतो, असं माझं म्हणणं नाही. गूगल तसं होत नाही म्हणतं आणि ते मी मानते. उलट २०१९ मध्ये किल्ल्यांवर लिहायला माझी साइट सुरू केली तेव्हा मीच सगळ्यांशी भांडायचे की अरे खरं लिहा, स्वतः जाऊन बघून लिहा, लोक आपोआप येतील. तेव्हाची मी आत्ता समोर आली तर तिला काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण ती अगदीच चूक नव्हती. पहिली दोन वर्षं लोक आले की.

मग ते एसटीचं झालं.

बागलाणातल्या एका आडबाजूच्या किल्ल्यावर मी लिहिलं होतं. वाट कुठून, वरच्या टाक्यातलं पाणी प्यायचं आणि खालच्यातलं नाही, पायथ्याच्या गावात जेवण कोणाकडे मिळतं, परतीची शेवटची एसटी किती वाजता. त्यात माझ्याकडून चूक झाली, साडेचारच्या जागी मी साडेपाच टाइप केलं. महिन्याभराने एका वाचकाने कळवलं, मी त्याच रात्री दुरुस्त केलं, वर तारीख टाकून चूक झाली होती असंही लिहिलं. पण त्या मधल्या महिन्यात एका मोठ्या पोर्टलने माझं पान उचललं होतं. वाक्यं फिरवलेली, क्रम तोच, टाक्यांचं तेच, आणि साडेपाच पण तेच. सोबत फोटो मी काढलेला, पायथ्याच्या गावात जेवण देणाऱ्या मावशींचा, त्यांच्या ओसरीत चुलीवर भाकरी टाकताना, खालचं माझं नाव तेवढं कापलेलं. किल्ल्याचं नाव टाकून शोधलं की पहिलं ते पोर्टल यायचं आणि माझं पान दुसऱ्या पानावर कुठेतरी.

डिसेंबरात कॉलेजची तीन मुलं ते पोर्टल वाचून गेली. पाच वाजता उतरली आणि फाट्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिली. थंडी बागलाणातली, एकाकडे स्वेटर पण नाही, रेंज नाही, घरचे फोन लावून लावून हैराण. शेवटी मावशींनीच त्यांना घरी नेलं, जेवू घातलं, ओसरीत झोपवलं. मुलांनी मोबाईल दाखवला तर त्यात मावशींना स्वतःची चूल दिसली. सकाळी रेंजमध्ये येऊन त्यांनी मला फोन केला. "पोरी, तू लिहिलंस ना हे? लेकरं रात्रभर कुडकुडली, तुला साधी येष्टीची येळ नीट लिहिता येईना?"

मी त्यांना काय सांगणार होते? की मावशी, मी केव्हाच दुरुस्त केलंय पण ते कोणाला दिसत नाही? चूक मुळात माझीच होती ना. मी फक्त माफी मागितली.

पोर्टलला तीन मेल केले, उत्तर नाही. सर्चवाल्यांकडे कॉपीराइटची तक्रार केल्यावर फोटो गेला, मजकूर राहिला, कारण शब्द फिरवलेले होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँक, म्हणजे पानांचा क्रम लावायची पद्धत, मांडलं त्याचं मूळच असं की तुमच्याकडे किती जणांनी लिंक दिली आणि ते देणारे किती वजनदार, त्यावर तुमचं वजन. जाहिरातींवर चालणारं सर्च जाहिरातदारांकडे झुकणार, ही भीती त्या दोघांनी स्वतःच तेव्हा लिहून ठेवली होती. २०२३ मध्ये अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्याच पांडू नायक यांच्या साक्षीत नॅवबूस्टचं निघालं, म्हणजे लोक कशावर क्लिक करतात त्याचा मागच्या १३ महिन्यांचा हिशोब. मे २०२४ मध्ये गूगलच्या आतली कागदपत्रं फुटली त्यात साइट अथॉरिटी (साइटचं वजन) आणि होस्ट एज (साइटचं वय) अशी नावं सापडली. नुसतं नाव असलं म्हणजे ते किती वजनाने वापरतात हे कळत नाही, हे मला मान्य आहे. पण बघा ना, लिंक, ओळखीचं नाव, क्लिक, साइटचं वय, यातलं नवीन माणसाकडे पहिल्या दिवशी काय असतं? आणि पोर्टलकडे पन्नास माणसं पगारावर असतात, रोज शंभर पानं टाकतात, नाव घराघरात असतं. नंबर कोणी विकत नसेल, पण नंबर ज्या गोष्टींवर लागतो त्या सगळ्या पैशाने उभ्या राहतात. मला हाच पक्षपात वाटतो.

कोणीतरी लगेच सीसीआयने, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने, २०१८ मध्ये गूगलला केलेला १३५.८६ कोटींचा दंड काढेल. तो गूगलने स्वतःच्या सेवा वर दाखवल्याबद्दल होता, आपल्यासारख्यांचं त्यात काही नव्हतं, तो इथे लावू नका.

आणि माझी बाजू पूर्ण धुतल्या तांदळासारखी नाहीये. माझे फोटो पाच-पाच एमबीचे, गावातल्या रेंजवर पान उघडायलाच मिनिट लागायचं. दोन वर्षं मी जुन्या पानांना हात लावला नव्हता. पोर्टलचं पान पटकन उघडतं, त्या पोरांनी ते वाचलं यात त्यांची काय चूक? आणि बिनकामाच्या छोट्या साइट्सचा ढीग पडलेला असतो, सर्चला कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, हे पण मला कळतं. पण मग दुरुस्त केलेलं खरं पान खाली आणि उचललेलं चुकीचं पान वर, याला विश्वास कसं म्हणायचं, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

भाच्याला साइट काढ असं मला म्हणवत नाही आणि नको असंही म्हणवत नाही. फोटो मी बारीक करून टाकलेत, मावशींच्या गावच्या फाट्यावर पत्र्यावर ऑइलपेंटने वेळ लिहून आलेय, माझं पान आता पहिल्या पानाच्या तळाशी दिसतं. पोर्टलवर काल रात्री परत बघितलं, अजून साडेपाचच आहे.