रजा संपताना: लेकीच्या दुधाच्या बाटलीचा माझा अनुभव

रजा संपत आली तसा घरात एकच विषय उरला. मी ऑफिसला गेल्यावर लेकीला दूध कसं पाजायचं? 2017 साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, ही आम्हा नोकरी करणाऱ्या बायकांसाठी फार मोठी गोष्ट आहे. पण गरोदरपणात शेवटी शेवटी माझ्या पायांवर सूज यायला लागली, लोकलची गर्दी झेपेना, म्हणून त्यातले बाळंतपणाआधी घेता येतात ते 8 आठवडे मी पूर्ण घेतले. त्यामुळे ऑक्टोबरात परत रुजू व्हायची वेळ आली तेव्हा लेक जेमतेम चार महिने पार केलेली. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि ते मला पाळायचंच होतं. म्हणजे दूध काढून ठेवायचं आणि दिवसभर सासूबाईंनी पाजायचं. मुलुंडहून परळला जाणं, येणं, ऑफिस असं सगळं धरलं तर मी दहा तास घराबाहेर.

सासूबाईंच्या मनात बाटली नव्हतीच. "बाटली कशाला गं? बोंडलं आहे की घरात. तुझ्या नवऱ्याला मी त्यानंच पाजलंय," असं म्हणत त्यांनी कपाटातून चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, काढलं. आणि आमच्या डॉक्टरांनी त्यांचीच बाजू घेतली. वाटी-चमचा किंवा बोंडलं केव्हाही चांगलं, कारण ते उघडं असतं, घासलं की स्वच्छ होतं, डोळ्यांना दिसतं. बाटलीच्या कानाकोपऱ्यात, निपलच्या आत दूध अडकून राहतं, तिथे जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब लागतात. शक्य असेल तोवर बाटली टाळा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून सुरुवात बोंडल्यानंच केली. दोन-चार घोट असतील तर बोंडल्यासारखं दुसरं काही नाही. पण एका वेळेला शंभर मिलीच्या आसपास पाजायचं, तेही हातपाय झाडणाऱ्या, मान वळवणाऱ्या बाळाला, आणि पाजणाऱ्या आईंच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) बोटांना संधिवात. दूध गळ्यावर, झबल्यावर, आईंच्या पदरावर. पहाटे उठून थेंब थेंब काढलेलं दूध असं ओघळताना बघवत नाही. आम्ही दोघी परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईंचे हात पाहिले आणि म्हणाले, मग बाटली घ्या, पण रुंद तोंडाची, कमीत कमी सुटे भाग असलेली आणि आयएसआय खूण असलेली घ्या.

आयएसआयचं मी इथे मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे बाळाचं पावडरचं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांच्यासाठी 1992 चा वेगळा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. बाटलीची जाहिरात करायची नाही, फुकट वाटायची नाही आणि मानक चिन्ह, म्हणजे ही आयएसआय खूण, नसेल तर विकायची नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांसाठीचं भारतीय मानक आहे आयएस 14625. ते 2015 मध्ये सुधारलं आणि बीपीए हे रसायन असलेलं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्यातून बाद झालं. हे वाचून मी दादरला गेले, तर पहिल्याच दुकानात माझ्या पुढ्यात रंगीत, कानवाल्या, चित्रांच्या बाटल्या ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या निम्म्यांवर खूणच नाही. "इम्पोर्टेड आहे ताई, त्याला लागत नाही," असं उत्तर मिळालं. लागते. मी दुसऱ्या दुकानात गेले.

काच की प्लास्टिक, यावर घरात बराच खल झाला. काचेवर ओरखडे पडत नाहीत, वास राहत नाही, कितीही उकळा. पण जड, आणि आईंच्या हातून निसटायची भीती. दुसरीकडे, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून हलवलं की प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात, असं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं होतं, तेही लिटरमागे 1 कोटी 60 लाखांपर्यंत. त्याचा बाळाच्या तब्येतीवर नेमका काय परिणाम होतो हे त्या अभ्यासाचा विषय नव्हता, पण वाचल्यावर ते डोक्यातून जात नाही. आम्ही मधला मार्ग काढला. दूध साठवायचं आणि कोमट करायचं ते छोट्या काचेच्या बरणीत, आणि पाजायच्या वेळी कोमट झालेलं दूध प्लास्टिकच्या बाटलीत ओतायचं. बाटली उकळली तर ती गार होऊ द्यायची, मगच दूध. गरम काही थेट प्लास्टिकमध्ये जात नाही. एवढ्यावर माझं समाधान झालं.

नणंदेनं प्रेमानं आणलेली एक बाटली मात्र बाजूला राहिली. गॅस होऊ नये म्हणून तिच्यात नळी, झडप, चकती असं बरंच काही होतं. मी सगळे भाग ओट्यावर मांडले आणि आईंना जोडायला दिले. चकती नीट बसली नाही की बाटली गळते, आणि ती बसवायला जो जोर बोटांत लागतो तो त्यांच्या बोटांत नव्हता. शिवाय नळी घासायला वेगळा बारीक ब्रश. लेकीला पोटात कळ येण्याचा त्रास फारसा नव्हता, त्यामुळे साधी बाटली, रिंग, निपल आणि झाकण एवढंच पुरलं. ज्यांच्या बाळाला खरंच तसा त्रास आहे त्यांचा विचार वेगळा असेल. पण बाटली रोज कोण धुणार आणि कोण पाजणार आहे, त्या माणसाच्या हातात देऊन बघा आणि मगच घ्या, हे मी आता प्रत्येक गरोदर मैत्रिणीला सांगते. खरेदीच्या याद्यांमध्ये हे कुठेच नसतं.

निपल सर्वांत हळू धारेचं घेतलं आणि आजही तेच चालू आहे. पाकिटावर महिन्यांचे आकडे असतात, पण बाळ आरामात पीत असेल तर ते बदलायची गरज नसते. बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडायला हवा, धार लागता कामा नये. लेक सुरुवातीला ओढून दमायची तेव्हा आई म्हणाल्या, "सुई तापवून भोक जरा मोठं करूया, पूर्वी सगळेच करायचे." डॉक्टरांनी त्याला ठाम नकार दिला. दूध भसकन आलं तर ठसका लागतो, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि विनाकष्ट दूध मिळायची सवय लागली की बाळ अंगावर प्यायला कुरकुर करतं.

आता खरी कठीण गोष्ट. लेक बाटली घेईचना. मी हातात बाटली धरली की ती माझ्याकडे बघून अंगावर यायला धडपडायची, निपल ओठाला लागलं की जीभ बाहेर, मान फिरवणं, मग रडणं. रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मी घरात असताना ती बाटली घेणार नाही, हे आईंनी ओळखलं. "तू खाली जाऊन ये," त्या म्हणाल्या. मी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायचे, पाऊस असेल तर जिन्यात. पुढचं मी आईंकडून ऐकलंय. त्या तिला भूक अगदी अनावर व्हायच्या आधीच मांडीवर घ्यायच्या, जवळजवळ बसती. निपल कोमट पाण्यात बुडवून मऊ करायच्या. ते तोंडात कोंबायचं नाही, वरच्या ओठावर हलकेच टेकवायचं आणि ती आपणहून तोंड उघडेपर्यंत थांबायचं. बाटली आडवी, निपलमध्ये दूध येईल इतपतच तिरकी. थोडं प्यायली की बाटली खाली, दम खाऊ द्यायचा, पाठीवरून हात, मग पुन्हा. चावून, ढकलून, हसून झाल्यावर एका दुपारी तिनं निपल धरलं आणि डोळे आईंच्या चेहऱ्यावर लावून चुटुचुटु ओढायला लागली. आईंनी मला वर बोलावलं नाही. बाटली संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

बाटली रिकामी झालीच पाहिजे, हा हट्ट आम्ही धरला नाही. तोंड मिटलं, मान वळवली की पोट भरलं. किती काढून ठेवायचं याचा डॉक्टरांचा हिशोब सोपा होता: आई जितके तास बाहेर, त्यातल्या दर तासाला साधारण 30 मिली. म्हणजे माझ्या दहा तासांना 300 मिली, तीन-चार वेळा मिळून. हे ऐकलं तेव्हा माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं, कारण मी फ्रिजभर दूध साठवायच्या चिंतेत होते.

फ्रिजमधल्या दुधाला आईंचा आणखी एक आक्षेप होता, "शिळं दूध बाळाला?" तेव्हा मी त्यांना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या मातृदुग्धपेढीबद्दल सांगितलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केलेली, आशियातली पहिली. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइझ करून, गोठवून ठेवतात आणि अगदी नाजूक, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. आई गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग आपल्याला काय हरकत आहे?"

आमचे नियम मात्र कडक आहेत. खोलीत दूध चार तासांच्या वर नाही, तेही 25 अंशांच्या आसपासचं गणित, मुंबईच्या उकाड्यात काढलं की थेट फ्रिजमध्ये. दारात नाही, आत मागच्या बाजूला, बरणीवर वेळेची चिठ्ठी. पुस्तकात चार दिवस दिले असले तरी आम्ही 24 तासांतच संपवतो. वर साय धरल्यासारखा थर येतो, तो बरणी हलकेच गोल फिरवली की मिसळतो. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाडग्यात बरणी ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, दूध एका जागी गार आणि एका जागी चटका बसेल इतकं तापतं. उष्टं उरलेलं दोन तासांच्या आत संपलं नाही तर ओतून टाकायचं. ते ओतताना जीवावर येतं, तरी ओतायचं.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा धोका तिथेच आहे. बाटली रिकामी झाली की लगेच थंड पाण्यानं विसळायची, तशीच बेसिनमध्ये पडू द्यायची नाही. मग साबणाच्या गरम पाण्यात, वेगळ्या ब्रशनं. निपल पूर्ण उलटं करून आतून चोळायचं आणि टोकाच्या भोकातून पाणी पिळून काढायचं. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर पुन्हा. रिंगच्या आट्यांमध्ये पांढरी रेघ धरते, ती उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. नंतर एका वेगळ्या पातेल्यात सगळं पूर्ण बुडेल एवढं पाणी घालून, आत हवेचा बुडबुडा राहू न देता, दहा मिनिटं उकळायचं. चिमट्यानं काढायचं आणि जाळीवर निथळत ठेवायचं, फडक्यानं पुसायचं नाही. आम्ही सुरुवात केली तेव्हा पाऊस चालूच होता, नळाला कधी कधी गढूळ पाणी यायचं, आणि त्या हवेत काहीच सुकत नाही. पण पाणी झटकून ओली बाटली जोडली तरी चालते, ओल्या फडक्यापेक्षा ते बरं. निपल चिकट झालं, फुगलं, चीर दिसली की त्याच दिवशी बाद. बाटली आतून ओरखड्यांनी धुरकट झाली की तीही.

हिवाळ्यात मला ताप आला आणि दूध एकदम कमी झालं, तेव्हा डॉक्टरांनी काही दिवस पावडरचं दूध लिहून दिलं. ती पावडर निर्जंतुक नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. म्हणून पाणी उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत, निदान 70 अंश गरम असतानाच त्यात पावडर मिसळायची, तीही स्टीलच्या भांड्यात. आधी पाणी, मग मापाचा चमचा सपाट करून पावडर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. मग गार करून, मनगटावर थेंब टाकून पाहून बाटलीत. बाळ प्यायला लागलं की तासाभरात उरलेलं फेकायचं.

ऑफिसात पाळणाघर नाही, कारण ते 50 माणसं असतील तरच सक्तीचं असतं आणि आमच्याकडे तेवढी नाहीत. पण मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज कामाच्या वेळात दोन मधल्या सुट्ट्या कायद्यानं मिळतात, त्या मी दूध काढण्यासाठी मागून घेतल्या. स्टोअररूमला आतून कडी आहे, तिथे बसते. संध्याकाळी बर्फाच्या पिशवीसकट ती छोटी बॅग मांडीवर घेऊन लेडीज डब्यात बसते. बॅगेत काय आहे हे कळल्यावर रोजच्या गाडीतल्या एका काकूंनी दारातली गर्दी बाजूला करून मला खिडकीजवळ बसवलं, आणि आता ती जागा माझ्यासाठी धरलेली असते.

लेक आता अकरा महिन्यांची आहे. दिवसाचं पाणी आणि दूध ती स्टीलच्या फुलपात्रातून पिते, निम्मं सांडते, पण आपल्या हातानं धरते. रात्रीची एक बाटली राहिली आहे. ती बसवूनच देतो, उशीला टेकवून तोंडात कधीच नाही, कारण ठसक्याची भीती असते आणि खालचे दोन दात आलेत, त्यांच्यावर रात्रभर दूध राहिलं तर किडतात. झोपण्याआधी ओल्या फडक्यानं दात पुसते. वर्षाच्या आसपास बाटली सुटावी असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून पावसाळा लागायच्या आत तीही बंद करायची आमची तयारी चालू आहे.