‘क’ प्रत होती, पण कशाची?

शेतघर आणि त्याभोवतीची 10 आर (1000 चौरस मीटर) बागायत जमीन. घेणारं कुटुंब शेतकरी, सौदा ठरलेला, विसारही दिलेला. मी खाजगी मोजणी करतो; साठेखत करण्याआधी एकदा जागा बघून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मोजणीची काळजी त्यांना नव्हती, कारण विकणाऱ्याने सही-शिक्क्याची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशाची प्रत, दाखवली होती.

ती हातात घेतल्यावर मी आधी मोजणीचा प्रकार वाचला: हद्द कायम, म्हणजे हद्दीच्या खुणा नक्की करणारी मोजणी. मग क्षेत्र वाचलं: 1 हेक्टर 20 आर. म्हणजे मोजणी झाली होती ती अख्ख्या गटाची. त्या गटात सहा खातेदार. विकणाऱ्याचे 10 आर गटात नेमके कुठे, हे नकाशात कुठेच नव्हतं. त्यासाठी पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातल्या एकेका हिश्श्याची मोजणी, लागते आणि तिला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. सातबारा क्षेत्र सांगतो, जागा दाखवत नाही. विकणाऱ्याच्या जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमेत तीन बाजूंना नावं आणि पश्चिमेला ‘रस्ता’ एवढंच होतं. एकाही बाजूची लांबी नव्हती.

बिनशेती प्लॉट असता तर मागायची कागदं वेगळी: बिनशेती मोजणीचा नकाशा, मंजूर रेखांकन, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला फेरबदल दाखवणारं) आणि प्लॉटचा स्वतंत्र सातबारा. सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि तिचा नकाशा.

जागेवर ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र) लावलं. अशा वेळी निदान तीन जुन्या, न हललेल्या खुणा लागतात. दोनच धरल्या तर त्यातली एक सरकलेली असली तरी कळत नाही. गटाच्या कोपऱ्यावरचे दोन हद्दीचे दगड सापडले, तिसरी खूण म्हणून नकाशात दाखवलेली विहीर धरली. तिन्ही जुळल्या.

कंपाउंडच्या आत 1054 चौरस मीटर भरले. सातबाऱ्यावर 1000. ‘जास्तच निघालं की!’ म्हणून घरचे खूश झाले. खरेदीखतात आरऐवजी ‘10 गुंठे’ लिहिलं होतं, पण गुंठा 33 फूट बाय 33 फूट धरला तरी 10 गुंठ्यांचे 1012 चौरस मीटरच होतात. जास्तीची जागा कुणाची, हे शोधल्याशिवाय तिचा आनंद मानू नये.

उत्तर त्याच ‘क’ प्रतीत होतं. हद्द कायमच्या नकाशात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट, दोन्ही दाखवतात. पश्चिमेला वहिवाटीची रेषा गटाच्या हद्दीबाहेर गेली होती. जागेवर मोजलं तर 36 मीटर लांबीची भिंत दीड मीटर बाहेर. 54 चौरस मीटरचा हिशेब तिथेच लागला. भिंतीपलीकडे गावनकाशात दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग आहे. असा मार्ग साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंद धरतात. तिथे उरला होता साडेअकरा. आणि त्या दीड मीटरच्या पट्ट्यात शौचालयाची टाकी होती.

टाकीचं ऐकून घरातल्या आजी गप्प झाल्या. रस्ता मोकळा करायचा आदेश उद्या आला असता, तर भिंत आणि टाकी हलवण्याचा खर्च घेणाऱ्यावरच आला असता.

माझी मोजणी खाजगी. सावध करायला ती पुरते, सरकारी अभिलेखात तिला जागा नाही. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे खातेदारानेच करावा लागतो, घेणाऱ्याला तो करता येत नाही. म्हणून साठेखतात तीन अटी घालायला सांगितल्या: पोटहिस्सा मोजणी विकणाऱ्याने स्वखर्चाने करायची, भिंत आणि टाकी हद्दीत घ्यायची, आणि पोटहिस्स्याची ‘क’ प्रत मिळेपर्यंत उरलेली रक्कम द्यायची नाही. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, त्यामुळे मोजणीला वेळ लागतो. तो धरूनच मुदत लिहायची. मोजणीच्या दिवशी घेणाऱ्याने स्वतः हजर राहावं आणि दगड डोळ्यांदेखत रोवून घ्यावेत. निकाल कुणाला मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

पोटहिस्सा मोजणीच्या संमतीसाठी सहापैकी पाच खातेदारांच्या सह्या लवकर मिळाल्या. सहावी मुंबईला राहणाऱ्या बहिणीची. तिच्यासाठी दोन महिने थांबावं लागलं आणि कुटुंब थांबलं.